एका पत्त्याची तीन अक्षरे

१८७९ या एकाच सालात दोन लिखाणे छापखान्यातून बाहेर पडली आणि दोन्हींच्या वाटेवर जबलपूर आहे. पहिले म्हणजे कलकत्त्याहून निघालेला पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अहवालांचा नववा खंड. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७३ ते १८७५ या काळात मध्य प्रांतात केलेल्या दौऱ्याचा तो वृत्तांत. त्यात भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी देवळाची मोजमापे आहेत आणि मूर्तींच्या पीठांवर कोरलेली नावे उतरवून दिलेली आहेत. दुसरे म्हणजे मॉस्कोच्या एका दैनिकात 'राद्दा-बाई' या टोपणनावाने सुरू झालेली हिंदुस्थानच्या प्रवासाची लेखमाला. तिच्या लेखिका मादाम हेलेना ब्लाव्हाट्स्की त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात उतरल्या होत्या. या मालेचे पुढे इंग्रजी पुस्तक झाले, त्यातले शेवटचे प्रकरण जबलपूरवर आहे. नर्मदेचे संगमरवरी खडक, ठगांच्या कथा आणि गूढाचा भरपूर मसाला त्यात सापडतो. कनिंगहॅम मूर्तीखाली काय लिहिले आहे ते वाचत होता, बाई मूर्तीमागे काय दडले असेल ते सांगत होत्या. टॅरोच्या पत्त्यांना कबालातला, म्हणजे यहुदी गूढविद्येतला, अर्थ कसा चिकटला, हा इतिहास या दोन रीतींतला फरक डोळ्यांपुढे ठेवला तरच नीट उलगडतो. म्हणून युरोपात जाण्याआधी भेडाघाटची टेकडी चढून घ्यावी.

त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर, ही कलचुरींची राजधानी भेडाघाटपासून जवळच. दहाव्या शतकात कलचुरींच्या अमदानीत टेकडीवर हे वर्तुळाकार देऊळ उभे राहिले. बाहेरून त्याचा व्यास सुमारे १३० फूट भरतो. आतल्या बाजूने खांबांनी पाडलेले खण आहेत ८४. त्यांतले तीन येण्याजाण्यासाठी मोकळे, उरले ८१. म्हणजे लोक पिढ्यानपिढ्या 'चौसष्ट योगिनी' म्हणत आले त्या देवळात मूर्तींच्या जागा आहेत एक्याऐंशी, आणि त्यांतही सगळ्या योगिनी नाहीत. गणेश आहे, नद्यांच्या देवता आहेत. इथे एखाद्या हौशी गूढवाद्याला मोकळे रान मिळाले असते. चौसष्ट म्हणजे चौसष्ट कला, बुद्धिबळाची चौसष्ट घरे, आठ गुणिले आठ. वरच्या सतरांसाठी एखादी गुप्त शिकवण! पण मूर्तिकारांनी पीठांवर नावे कोरून ठेवल्यामुळे असल्या कल्पनांना लगाम बसतो. महिषासुराला मारणारी म्हणून कोणीही मराठी माणूस जिला ओळखेल, तिच्या खाली 'श्री तेरम्वा' असे लिहिलेले आहे. पाहणाऱ्याच्या मनातले नाव एक आणि घडवणाऱ्याच्या मनातले दुसरे, हे दगडातच दिसते. पुढे विद्या देहेजिया यांनी योगिनी-पंथावरच्या १९८६ च्या ग्रंथात या ८१ चा मेळ मतोत्तर तंत्रातल्या ८१ योगिनींच्या मूलचक्राशी घातला. त्याच परंपरेतला ग्रंथ, राजाश्रयाचा संदर्भ आणि मोजून भरलेली संख्या अशा तीन टेकूंवर तो अर्थ उभा आहे. उद्या यांतला एखादा टेकू निखळला तर अर्थही बदलावा लागेल, आणि तो बदलता येईल. कलचुरींचे शिलालेख १९५५ मध्ये संपादून देणाऱ्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींची शिस्तही हीच होती: आधी अक्षर, मग अर्थ.

टॅरोच्या पत्त्यांखाली असे कोरलेले अक्षर नव्हते. पत्ते युरोपात आले चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इजिप्तच्या मामलुक राज्यातून. उत्तर इटलीतल्या दरबारांत १४४० च्या सुमारास नेहमीच्या चार रंगांना चित्रांची आणखी एक रांग जोडली गेली: सम्राट, पोप, प्रेमिक, मृत्यू, सूर्य, जग, शिवाय एक 'मूर्ख', ज्याला खेळातही वेगळेच स्थान होते. ही रांग म्हणजे कायमचे हुकूम. ५६ आणि २२ मिळून ७८ पत्त्यांचा कॅट, आणि त्यावर डाव जिंकण्या-हरण्याचा खेळ. पुढची साडेतीनशे वर्षे इटलीत, फ्रान्समध्ये, जर्मन मुलखात लोक तो खेळत राहिले. सुरुवातीच्या हुकमांवर आकडेही नसत. कोणता पत्ता कोणावर चढतो हे खेळणाऱ्याने तोंडपाठ ठेवायचे. तो क्रम गावोगाव बदलत असे, बोलोन्याचा वेगळा, फेरारा आणि मिलानचे वेगळे. फ्लॉरेन्सने तर मिंकियाते नावाचा आपला वेगळाच कॅट काढला, त्यात ९७ पत्ते आणि हुकूम चाळीस. बावीस हा आकडा पवित्र असता तर फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्याला असा हात लावला असता का, हा प्रश्न कबालावाल्यांना विचारायला हवा. ते सहसा तो टाळतात.

बाविसाचे महत्त्व दुसरीकडून आले. हिब्रू वर्णमालेत अक्षरे बावीस. 'सेफेर येत्सिरा' हा यहुदी गूढविद्येतला छोटा पण अतिशय जुना ग्रंथ सांगतो की परमेश्वराने दहा सेफिरोत (आदिसंख्या) आणि बावीस अक्षरे अशा बत्तीस वाटांनी विश्व निर्माण केले. त्यातली तीन अक्षरे माता, सात दुहेरी आणि बारा साधी. तिघांना तत्त्वे, सातांना ग्रह, बारांना राशी. ही मांडणी पत्ते जन्मण्याच्या शेकडो वर्षे आधीची आहे आणि पत्त्यांशी तिचा काडीचा संबंध नाही. संबंध जोडला तो पॅरिसमध्ये, १७८१ साली. कूर द जेबेलँ या विद्वान धर्मोपदेशकाने आपल्या 'मोंद प्रिमितीफ' या प्रचंड ग्रंथाच्या आठव्या खंडात जाहीर केले की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी खेळाच्या वेषात वाचवलेले ज्ञानाचे पुस्तक. त्याच खंडात कोंत द मेले याचा निबंध होता. त्याने हुकमांची आणि हिब्रू अक्षरांची जोडी लावली, तीही शेवटाकडून. एकविसावा 'जग' म्हणजे आलेफ, असे उतरत उतरत आकडा नसलेल्या 'मूर्खा'ला शेवटचे अक्षर ताव मिळाले. रोझेटाची शिळा सापडायला तेव्हा अठरा वर्षे अवकाश होता आणि शाम्पोलियोंने चित्रलिपी उलगडायला एक्केचाळीस. इजिप्तची लिपी कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे तिच्या नावावर काहीही खपत होते.

शाम्पोलियोंनंतर खरे तर हा फुगा फुटायला हवा होता. तो फुटला नाही, कारण तोवर इजिप्तचा आधार काढून घेतला तरी उभा राहील असा दुसरा खांब हाताशी होता: कबाला. आल्फोन्स लुई कॉन्स्तां हा पाद्री होण्याच्या वाटेवरून परतलेला फ्रेंच गृहस्थ. त्याने एलिफास लेव्ही असे हिब्रू वळणाचे नाव घेतले आणि १८५० च्या दशकाच्या मध्यावर 'उच्च जादूचे सिद्धान्त आणि विधी' हा दोन भागांचा ग्रंथ काढला. प्रत्येक भागात प्रकरणे बावीस, प्रत्येक प्रकरणाला एक अक्षर आणि एक पत्ता. लेव्हीने द मेलेचा उलटा क्रम सोडून सरळ क्रम धरला. पहिला पत्ता गारुड्याचा, त्याला आलेफ. शेवटचा 'जग', त्याला ताव. मग मूर्खाचे करायचे काय? त्याला आकडाच नाही. लेव्हीने त्याला शेवटून दुसऱ्या जागी कोंबले आणि शीन हे अक्षर दिले. पंचाहत्तर वर्षांत एका पत्त्याची दोन अक्षरे झाली. ताव म्हणजे सृष्टीचा शेवटचा शिक्का, शीन म्हणजे अग्नीची माता. दोन्हींतून 'मूर्खा'चे तितकेच गहन निरूपण होऊ शकते आणि झालेही. लेव्ही ज्या यहुदी परंपरेच्या नावाने बोलत होता तिच्या अठराव्या शतकाआधीच्या ग्रंथांत मात्र टॅरोचा उल्लेखही नाही.

लेव्हीचे हे लेखन हिंदुस्थानात आले ते थिऑसॉफिकल सोसायटीच्या सामानातून. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेली ही संस्था १८७९ पासून मुंबईत होती, १८८२ च्या अखेरीस ती मद्रासजवळ अड्यारला गेली. तिच्या एक संस्थापक असलेल्या ब्लाव्हाट्स्कींच्या १८७७ च्या पहिल्या मोठ्या ग्रंथात लेव्हीचा आधार पानोपानी घेतलेला आहे. त्यांच्या 'थिऑसॉफिस्ट' मासिकात लेव्हीची अप्रकाशित टिपणे १८८१ पासून येऊ लागली आणि १८८३ मध्ये त्याच्या एका हस्तलिखिताचे इंग्रजी भाषांतर थेट कलकत्त्यात छापले गेले. या प्रसाराचा भूगोल रेल्वेने आखला होता. मार्च १८७० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला आणि ईस्ट इंडियन या दोन कंपन्यांचे रूळ जबलपूरला येऊन मिळाले आणि मुंबई ते अलाहाबाद, कलकत्ता असा सलग प्रवास सुरू झाला. अलाहाबादला 'पायोनियर'चे संपादक सिनेट हे सोसायटीचे सर्वांत वजनदार पाठीराखे. त्यांच्याकडे जाणारी मुंबईची गाडी जबलपूरवरून जाई. लवकरच जबलपूरलाही सोसायटीची शाखा निघाली. तिचे नाव 'भृगुक्षेत्र', म्हणजे भेडाघाटच्या परिसराशी जोडलेल्या भृगू ऋषींच्या आख्यायिकेवरून घेतलेले. मासिक सभासदांच्या हाती पडत असणार, हे गृहीत धरायला हरकत नाही. तेव्हा ज्या गावाजवळ योगिनींची नावे दगडावर वाचता येत होती, तिथल्या इंग्रजी शिकलेल्या मंडळींसमोर पॅरिसच्या त्या लेखकाची 'प्राचीन विद्या' टपालाने येऊ लागली होती. या देवाणघेवाणीत गंमत अशी की हिंदुस्थानी सभासदांना आपले शास्त्र पाश्चात्त्यांना पटवून द्यायचे होते आणि पाश्चात्त्यांना आपले जुने शास्त्र पूर्वेकडून मान्य करून घ्यायचे होते. दोघेही एकमेकांच्या प्रमाणपत्राची वाट पाहत होते.

खरा पेच पडला तो पुण्यात. बगदादहून आलेल्या ससून घराण्यामुळे पुण्याच्या लष्कर भागात यहुद्यांची वस्ती वाढली होती. डेव्हिड ससूनने बांधवलेले ओहेल डेव्हिड हे प्रार्थनामंदिर १८६७ मध्ये पुरे झाले, पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. कोकणातले बेने इस्रायल मराठी बोलणारे. हे बगदादी मात्र घरात हिब्रू अक्षरांत लिहिलेली अरबी वापरत. याच समाजातला अब्राहम डेव्हिड इझिकेल थिऑसॉफिस्ट झाला आणि १८८७ मध्ये त्याने पुण्यातून 'इद्रा झुटा'चे अरबी भाषांतर हिब्रू लिपीत छापून काढले. 'इद्रा झुटा' हा 'झोहार' या कबालाच्या प्रमुख ग्रंथाचा अत्यंत गुप्त मानलेला भाग. मरणशय्येवरचा शिमोन बार योहाय शिष्यांना परमेश्वराच्या मुखांची, केसादाढीची रूपकात्मक वर्णने ऐकवतो, असा त्याचा प्रसंग. हा मजकूर घरगुती भाषेत, पैसे मोजील त्याच्या हाती पडणार म्हटल्यावर बगदादहून निषेध आला. निषेध करणाऱ्यांत अग्रणी होता योसेफ हायिम, जो स्वतः कबालाचा मोठा अधिकारी. म्हणजे हा सुधारक विरुद्ध सनातनी असा सरळ सामना नव्हता. कबाला खरा आहे यावर दोन्ही बाजूंचे एकमत होते. वाद होता तो कोणी, कोणत्या तयारीनंतर, कोणाच्या देखरेखीखाली तो वाचावा यावर. इझिकेल थांबला नाही. पुढच्याच वर्षी त्याने कबालाची ओळख करून देणारे पुस्तक काढले.

योगायोग असा की त्याच १८८७ साली लंडनमध्ये हाच 'इद्रा झुटा' इंग्रजीत निघाला. भाषांतरकार सॅम्युएल मॅथर्स. मूळ हिब्रू-अरामी परंपरेत वाढलेला माणूस नव्हे, त्याचा आधार सतराव्या शतकात क्नोर फोन रोझेनरोथने केलेला लॅटिन अनुवाद. पुण्याच्या पुस्तकावर बगदादला खळबळ माजली. लंडनच्या पुस्तकावर असा कोणताच अंकुश नव्हता. तिथे हे पुस्तक ज्यांनी उचलले त्यांना गुरू नव्हता, समाज नव्हता, मनाई करणारा कोणी नव्हता. दुसऱ्या वर्षी, १८८८ मध्ये, मॅथर्स, वेस्टकॉट आणि वुडमन या तिघांनी 'गोल्डन डॉन' नावाचे गुप्त मंडळ स्थापन केले, आणि त्याच वर्षी मॅथर्सची टॅरोवरची पुस्तिकाही निघाली. आज बाजारात 'टॅरोचा कबालातला अर्थ' म्हणून जे मिळते ते बहुतांश या मंडळाचे कर्तृत्व आहे, पॅरिसचे नाही आणि बगदादचे तर नाहीच.

या मंडळाने मूर्खाला तिसरे अक्षर दिले. त्याचा आकडा शून्य, शून्य सगळ्यांच्या आधी, म्हणून पहिले अक्षर आलेफ, वायुतत्त्व, सेफिरोतच्या वृक्षावर केतर या सेफिरापासून होखमा या सेफिरापर्यंतची सर्वांत वरची वाट. पण मूर्ख अग्रभागी आल्याबरोबर मागचे सगळे पत्ते एकेक घर सरकले, आणि तिथे काम कसे चालले ते जवळून पाहण्यासारखे आहे. जुन्या क्रमात आठवा पत्ता 'न्याय', हातात तराजू. अकरावा 'बल', सिंहाचा जबडा धरणारी स्त्री. नव्या जोडणीत आठव्याला आले तेत हे अक्षर, ज्याची रास सिंह. अकराव्याला लामेद, ज्याची रास तूळ. म्हणजे तराजूवाली सिंह राशीत आणि सिंहवाली तुळेत! कोष्टक चुकले असे म्हणण्याचा मार्ग होता. मंडळाने पत्ते चुकले असे ठरवले आणि दोघींची अदलाबदल केली. १९०९ मध्ये याच मंडळातले लेखक वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांचा कॅट निघाला त्यात बल आठवे आणि न्याय अकरावा आहे. जगात सर्वांत जास्त खपलेल्या कॅटांपैकी तो एक, म्हणून ही दुरुस्ती आता कोट्यवधी लोकांना मूळची वाटते. भेडाघाटला ८१ जागांचे चौसष्ट असे नाव पडले, तरी कोणी सतरा मूर्ती उचलून नेऊन आकडा जुळवला नाही. इथे आकडा जुळवण्यासाठी मूर्तींचीच जागा बदलली गेली.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, त्यांतला पहिला सोपा आहे. इतकी अर्थगर्भ चित्रे निव्वळ खेळासाठी कोण काढील? उत्तर सावंतवाडीत आहे. दशावतारी गंजिफ्यात दहा रंग आणि १२० गोल पत्ते. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह सगळे लाखेच्या झिलईखाली रंगवलेले. टॅरोच्या सम्राटापेक्षा आणि पोपपेक्षा ही चित्रे कितीतरी अधिक धार्मिक आहेत, तरी लोक त्यांनी डाव खेळले. ज्या समाजात देवादिकांची चित्रे सर्वत्र दिसतात तिथे ती पत्त्यांवरही येतात. पंधराव्या शतकातल्या इटलीत मृत्यू, दैवचक्र आणि सद्गुणांच्या आकृती मिरवणुकींत आणि भिंतींवर होत्याच. पत्ता पवित्र ठरतो तो चित्रामुळे नव्हे, त्यावर कोणी भाष्य रचले म्हणून.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. उशिरा जोडलेला अर्थ खोटाच असतो का? 'झोहार' दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योहायच्या नावावर आहे, पण तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये, बव्हंशी मोशे दे लिऑनच्या हातून लिहिला गेला, असे अभ्यासकांचे मत आहे. मग 'झोहार'ला परंपरा म्हणायचे आणि लेव्हीला कल्पित, हा पंक्तिप्रपंच नव्हे का? या युक्तिवादाचा अर्धा भाग मान्य करावाच लागतो. जुनेपणाचा दावा खोटा असला म्हणून ग्रंथ निरर्थक होत नाही, आणि टॅरोभोवतीही आता सव्वाशे-दीडशे वर्षांची साधना, चित्रकला आणि वाङ्मय उभे आहे. पण 'झोहार' लिहिणारा आणि वाचणारा एकच धर्मशास्त्र, एकच प्रार्थना, एकच भाषा मानत होते. चुकीच्या अर्थाला विरोध करणारे सहाध्यायी शेजारीच बसलेले होते. योसेफ हायिमने पुण्याच्या पुस्तकाला केलेला विरोध आपल्याला पटो न पटो, तो त्या जिवंत देखरेखीचाच पुरावा आहे. टॅरोच्या कोष्टकाला अशी देखरेख कधी लाभली नाही. कबालाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया घालणाऱ्या गेर्शोम शोलेमने १९४१ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात लेव्ही आणि त्याच्या अनुयायांना फटकारले ते याच कारणाने, तेही फार सौम्य भाषेत नव्हे. पत्त्यांचा इतिहास लिहिणारे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये खेळाच्या बाजूने तोच निष्कर्ष काढला: १७८१ च्या आधी टॅरोच्या गूढार्थाचा माग लागत नाही.

त्यामुळे 'मूर्ख या पत्त्याचा कबालातला अर्थ काय' असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तराला नेहमी नाव आणि साल जोडावे लागते. द मेलेच्या मते ताव, १७८१. लेव्हीच्या मते शीन, १८५० चे दशक. गोल्डन डॉनच्या मते आलेफ, १८८८ नंतर. यांपैकी कोणतेही उत्तर पत्त्यात सापडत नाही, तिन्ही पत्त्यावर ठेवलेली आहेत. आणि हे ठेवणे अजून संपलेले नाही. गोल्डन डॉनमधूनच बाहेर पडलेल्या अ‍ॅलिस्टर क्रोलीने १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'बुक ऑफ थॉथ'मध्ये 'तारा' आणि 'सम्राट' यांची अक्षरे आपसांत बदलली, त्सादी सम्राटाकडे आणि हे ताऱ्याकडे. आधार म्हणून त्याने १९०४ मध्ये कैरोत आपल्याला झालेल्या साक्षात्काराकडे बोट दाखवले. त्याच्या पंथातले वाचक आज त्याच कोष्टकावरून पत्ते लावतात, वेटच्या परंपरेतले जुन्या कोष्टकावरून, आणि दोन्ही बाजूंच्या पुस्तकांत आपापले कोष्टक कबालातले म्हणूनच छापले जाते.